स्वमग्नता : उत्तर किशोरावस्थेतील निदान

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित असलेली, बाल्यावस्थेच्या प्रारंभापासून अस्तित्वात असणारी व आयुष्यभर टिकणारी अवस्था होय. मराठीत तिला आत्ममग्नता असेही म्हणतात. तथापि शासकीय व्यवहारात ‘स्वमग्नता’ हीच संज्ञा रूढ झाली आहे. इतरांशी होणारे परस्परसंप्रेषण व सामाजिक देवाणघेवाण यांतील अडचणी हा तिच्या लक्षणांचा एक गट असून साचेबंद वर्तन, बदलाविषयीची असहिष्णुता, मर्यादित पण अत्यंत तीव्र आवडी आणि आवाज, स्पर्श, प्रकाश इ. संवेदनांना मिळणारे असाधारण प्रतिसाद हा दुसरा गट होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सर्वसाधारणपणे शंभरांत एका व्यक्तीच्या आसपास तिचे प्रमाण आढळते. ज्या मुलांत भाषेचा विकास खुंटतो किंवा बौद्धिक अक्षमताही असते, त्यांचे निदान बहुधा शाळेत जाण्यापूर्वी होते. ज्यांची भाषा वेळेवर येते व बुद्धी सामान्य वा त्याहून अधिक असते, त्यांच्याकडे मात्र वर्षानुवर्षे कोणाचे लक्ष जात नाही. अशा मुलामुलींचे निदान १५ ते १९ या वयात, म्हणजे शालान्त परीक्षा, कनिष्ठ महाविद्यालय व कायदेशीर सज्ञानता यांच्या ऐन उंबरठ्यावर कसे होते, त्यात कोणत्या अडचणी येतात व त्यावर काय अवलंबून असते, यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

संकल्पनेचा इतिहास : ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ञ ऑइगेन ब्लॉयलर (१८५७–१९३९) याने छिन्नमनस्कतेच्या रुग्णांत आढळणाऱ्या आत्मकेंद्रित विचारप्रवृत्तीसाठी योजिला. त्याचा आजच्या अर्थाशी फारसा संबंध नाही. पण शब्दाच्या या उगमामुळे स्वमग्नता व छिन्नमनस्कता यांची गल्लत पुढे कित्येक दशके होत राहिली. मॉस्को येथील ग्रून्या सुखारेवा (१८९१–१९८१) हिने १९२५ मध्ये सहा मुलांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, ते आजच्या निकषांशी आश्चर्यकारक जुळते. परंतु पाश्चात्त्य जगात ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे लिओ कॅनर (१८९४–१९८१) याने १९४३ मध्ये अकरा मुलांवरील निबंध प्रसिद्ध केला आणि स्वमग्नतेला स्वतंत्र निदानाचे स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातील हान्स आस्पेर्गर (१९०६–८०) याने भाषासंपन्न पण सामाजिक व्यवहारात अडखळणाऱ्या चार मुलग्यांची वर्णने प्रसिद्ध केली. नाझी राजवटीच्या काळात अपंग बालकांच्या हत्यासत्राशी आस्पेर्गरचा आलेला संबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उजेडात आला व त्याचे नाव एखाद्या निदानाला असावे काय, हा प्रश्न त्यामुळे अधिक तीव्र झाला.

कॅनरच्या प्रभावामुळे स्वमग्नता हा लहान मुलांचा आजार मानला गेला. अमेरिकन मनश्चिकित्सा संघाच्या निदानपुस्तिकेच्या १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘शैशवीय स्वमग्नता’ असाच शब्दप्रयोग असून तीस महिन्यांपूर्वी तिचा प्रारंभ झालेला असणे आवश्यक धरले होते. बोलणाऱ्या, अभ्यासात बऱ्या असलेल्या किशोराचा विचार त्या चौकटीत होणे कठीणच होते. लॉर्ना विंग (१९२८–२०१४) या ब्रिटिश मनोविकारतज्ञेने १९८१ च्या आपल्या निबंधात आस्पेर्गरचे कार्य इंग्रजी वाचकांपुढे आणले व सौम्य दिसणाऱ्या रूपांपासून तीव्र रूपांपर्यंत ही एकच सलग श्रेणी असल्याची कल्पना दृढ केली. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत ‘आस्पेर्गर विकार’ हे स्वतंत्र निदान समाविष्ट झाले, तर २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ते वगळून सर्व प्रकार ‘स्वमग्नता वर्णपट विकार’ या एकाच नावाखाली आणण्यात आले. १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीनेही हीच दिशा स्वीकारली. उशिरा होणाऱ्या निदानाच्या दृष्टीने २०१३ चे दोन बदल विशेष महत्त्वाचे होत. लक्षणे बाल्यापासून असली, तरी सामाजिक अपेक्षा व्यक्तीच्या क्षमतेबाहेर जाईपर्यंत ती पूर्णपणे प्रकट न होण्याचा, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांनी झाकली जाण्याचा संभव त्या आवृत्तीने स्पष्टपणे मान्य केला. तसेच अवधानन्यूनता व अतिक्रियाशीलता विकार आणि स्वमग्नता ही दोन्ही निदाने एकाच व्यक्तीस देण्यावरील पूर्वीचा निर्बंध उठविला.

मातापित्यांच्या, विशेषतः मातेच्या, भावनिक थंडपणामुळे स्वमग्नता उद्‌भवते असे मत विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचलित होते. ब्रूनो बेटलहाइम (१९०३–९०) याने ते लोकप्रिय केले. बर्नर्ड रिमलंड (१९२८–२००६) याने १९६४ मध्येच त्याचे साधार खंडन केले होते. हे मत शास्त्रीय दृष्ट्या पूर्णतः त्याज्य ठरले आहे. तरीही ‘लाडावून ठेवले’, ‘घरात कोणाशी बोलू दिले नाही’, ‘मोबाइलने बिघडविले’ अशा रूपांनी त्याचा अवशेष आजही आईच्या वाट्याला येतो, आणि निदानासाठी पाऊल उचलण्यास होणाऱ्या विलंबाचे ते एक कारण आहे.

विलंबाची कारणे : प्राथमिक शाळेचे जीवन स्वभावतः चौकटीबद्ध असते. ठरलेला बाक, ठरलेले वर्गशिक्षक, ठरलेले वेळापत्रक आणि पाठांतराला मिळणारे महत्त्व या सर्व गोष्टी स्वमग्न मुलास सोयीच्याच असतात. रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे, क्रिकेटची आकडेवारी यांत रमणारा मुलगा ‘हुशार पण जरा एकलकोंडा’ ठरतो. मुकाट बसणारी मुलगी ‘शांत व गुणी’ म्हणून वाखाणली जाते. मोठ्या कुटुंबात मुलाच्या वतीने बोलणारे, त्याच्या आवडीनिवडी जाणणारे कोणी ना कोणी असते व त्याची उणीव भरून निघते. दहावीनंतर ही चौकट एकदम मोडते. कनिष्ठ महाविद्यालयात वर्ग मोठा, प्राध्यापक अनेक, बसण्याची जागा अनिश्चित आणि सोबती नवे. त्यातच खाजगी शिकवण्या व प्रवास यांची भर पडते. मित्रांचे संभाषण खेळाकडून थट्टा, सूचक बोलणे व आकर्षण यांकडे वळते. दहावीत उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थी अकरावीत वर्गात जाणेच टाळू लागतो, घरी परतल्यावर संतापाने वा रडून कोसळतो किंवा दिवसेंदिवस खोलीबाहेर येत नाही. पालक प्रथम त्यास आळस, वाईट संगत वा परीक्षेचा ताण समजतात. पुष्कळदा पहिली भेट स्वमग्नतेच्या शंकेने नव्हे, तर नैराश्य, चिंता किंवा आत्महत्येचे विचार यांमुळे होते.

विलंबाचे दुसरे कारण मुखवटा धारण करणे हे होय. स्वमग्न व्यक्ती इतरांचे निरीक्षण करून हावभाव, हसण्याची वेळ, बोलण्याची ठरावीक वाक्ये यांची नक्कल करतात व आपले हातवारे वा हालचाली दाबून ठेवतात. मुलींमध्ये हे अधिक आढळते असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मुलग्यांचे मुलींशी प्रमाण पूर्वी ४ : १ मानले जाई; २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक संकलित विश्लेषणानुसार ते ३ : १ च्या जवळपास असून मुली निदानातून निसटतात, असा निष्कर्ष निघाला. मुखवट्याची किंमत थकवा व चिंता या रूपाने मोजावी लागते. बाहेर वागणूक निर्दोष व घरी उद्रेक, ही विसंगती त्यामुळेच दिसते. शाळेने ‘आमच्याकडे काहीच तक्रार नाही’ असे कळविल्यास तेवढ्यावरून शंका निराधार ठरत नाही.

किशोरवयातील लक्षणे : या वयात लक्षणे सूक्ष्म असतात. संभाषण एकमार्गी होते. आवडीच्या विषयावर व्याख्यान दिले जाते, पण समोरच्याचा कंटाळा ध्यानी येत नाही. भाषेचा शब्दशः अर्थ घेतला जातो. ‘घड्याळ आहे का?’ या प्रश्नास ‘आहे’ एवढेच उत्तर मिळते. बोलण्याची धाटणी वयाच्या मानाने औपचारिक व पुस्तकी असू शकते. समवयस्क ज्या बोलीत बोलतात तीऐवजी पाठ्यपुस्तकातील प्रमाण भाषा वापरली जाते. नियम मोडणाऱ्या सहाध्यायाची तक्रार केल्याने मैत्री तुटते व ती का तुटली हे उमगत नाही. लोकलमधील गर्दी, प्रेशर कुकरची शिटी, लग्नातील वाद्ये, गणवेशाच्या कापडाचा स्पर्श किंवा एखाद्या भाजीचा बुळबुळीतपणा असह्य होतो. ऐनवेळी बदललेला बेत मोठी अस्वस्थता निर्माण करतो.

नजरेस नजर न देणे हे बहुचर्चित लक्षण येथे जपून वापरावे लागते. वडीलधाऱ्यांपुढे दृष्टी खाली ठेवणे हा भारतीय कुटुंबांत विनयाचा भाग असल्याने तपासनिसाशी मुलाचे वर्तन कसे आहे यापेक्षा समवयस्कांशी व भावंडांशी ते कसे आहे हे अधिक बोलके ठरते.

निदानपद्धती : रक्ताची चाचणी, मेंदूचे चित्रण वा विद्युत्‌-आलेख यांपैकी कशानेही स्वमग्नतेचे निदान होत नाही. श्रवणक्षमतेची तपासणी करतात. झटक्यांची शंका असल्यास मेंदूचा विद्युत्‌-आलेख व विशिष्ट शारीरिक चिन्हे आढळल्यास जननिक चाचण्या करतात. निदान मुख्यतः विकासाचा इतिहास व प्रत्यक्ष निरीक्षण या दोन आधारांवर उभे राहते आणि ते एका भेटीत सहसा पुरे होत नाही. मनोविकारतज्ञ किंवा विकासविषयक अनुभव असलेला बालरोगतज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व वाचा-भाषातज्ञ यांनी मिळून ते करणे इष्ट मानतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे किंवा नाही, हे प्रारंभीच पाहून घेणे पालकांच्या हिताचे असते. कारण नोंदणी नसलेल्या व्यक्तीचा अहवाल पुढे शासकीय कामी उपयोगी पडत नाही.

सतरा वर्षांच्या मुलाचा पहिल्या तीन-चार वर्षांचा इतिहास मिळविणे हे यातील सर्वांत कष्टाचे काम होय. आईवडिलांची स्मृती पुसट झालेली असते. थोरल्या मुलाशी तुलना करता न आल्याने किंवा ‘याचा बापही असाच होता’ या समजुतीने पुष्कळ गोष्टी त्यांना वेगळ्या वाटलेल्याच नसतात. अशा वेळी जुनी प्रगतिपुस्तके व त्यांवरील शिक्षकांचे शेरे, लसीकरणाची पुस्तिका, वाढदिवसाच्या वा बारशाच्या चित्रफिती, आजी-आजोबा व मावशी-आत्या यांच्या आठवणी उपयोगी ठरतात. बोट दाखवून वस्तू दुसऱ्याच्या नजरेस आणून देणे, लुटुपुटीचा खेळ, हाक मारताच वळून पाहणे, बालवाडीतील पहिले दिवस यांविषयी नेमके प्रश्न विचारतात. ‘मूल नॉर्मल होते का?’ या प्रश्नास बहुधा ‘हो’ असेच उत्तर येते, म्हणून तो विचारण्यात अर्थ नसतो. मातापित्यांच्या मुलाखतीचे प्रमाणित रूप १९९४ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष निरीक्षणासाठी कॅथरिन लॉर्ड व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडलेली व २०१२ मध्ये सुधारलेली ‘ऑटिझम डायग्नॉस्टिक ऑब्झर्वेशन शेड्यूल’ ही पद्धती जगभर वापरली जाते. तिचा चौथा विभाग अस्खलित बोलणारे मोठे किशोर व प्रौढ यांच्यासाठी असून त्यात कथाकथन, मैत्री, एकटेपणा, भविष्यकालीन बेत इ. विषयांवरील संभाषणातून निरीक्षणे नोंदवितात. चांगला मुखवटा धारण करणारी व्यक्ती या तासाभरात निर्दोष वागू शकते. म्हणून केवळ गुणांकावरून निदान करू नये वा नाकारू नये, याविषयी तज्ञांत एकमत आहे. सायमन बॅरन-कोएन (१९५८– ) व सहकाऱ्यांची २००१ मधील पन्नास विधानांची प्रश्नावली पुष्कळांना परिचित आहे. परंतु ती प्राथमिक चाळणी होय, निदान नव्हे.

भारतीय साधनांची मर्यादा येथे प्रकर्षाने जाणवते. त्यांतील बरीच साधने लहान मुलांसाठी सिद्ध केलेली आहेत. इनक्लेन संस्थेचे निदानसाधन २ ते ९ वर्षे या वयोगटापुरते आहे. नागपूर येथे कार्य केलेले ए. जे. मालिन यांची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन श्रेणी व त्यांनीच भारतीय परिस्थितीस जुळविलेली व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी यांची मर्यादा पंधराव्या वर्षाच्या आसपास संपते. बीने यांच्या कसोटीवरून व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड भाषकांसाठी तयार केलेली बीने-कामत कसोटी आजही वापरात आहे. तथापि तिचे प्रमाणीकरण जुने आहे. सोळा वर्षांवरील मुलासाठी प्रौढांची वेक्सलर श्रेणी घ्यावी लागते. बुद्धिमापनाचा हेतू एक आकडा मिळविणे हा नसून क्षमतांतील चढउतार पाहणे हा असतो. शब्दसंग्रह उत्तम पण कामाचा वेग फार मंद, असे चित्र स्वमग्न किशोरांत पुष्कळदा दिसते आणि परीक्षेत उत्तरपत्रिका अपुरी का राहते याचा उलगडा त्यातून होतो.

सदृश अवस्थांपासून भेद करणे अनुभवी तज्ञासही अवघड जाते. सामाजिक चिंतेच्या विकारात मुलास सामाजिक संकेत कळतात, पण चुकण्याची भीती वाटते. स्वमग्नतेत संकेत मुळातच सहज कळत नाहीत. व्यवहारात चुकांच्या अनुभवातून भीतीही उत्पन्न होते व दोन्ही एकत्र नांदतात. अनिवार्य विचार-कृती विकारातील पुनरावृत्ती रुग्णास नकोशी असते, स्वमग्न व्यक्तीची आवडीची पुनरावृत्ती तिला सुखावते. छिन्नमनस्कतेचा प्रारंभ बहुधा किशोरावस्थेच्या उत्तरार्धात होत असल्याने या वयात ती शंका नेहमीच उपस्थित होते. बालपणापासून सलग चालत आलेले वेगळेपण आणि अलीकडे पूर्वीच्या स्वभावाला सोडून झालेला बदल हा त्यांतील मुख्य भेद होय. शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलास ‘तुला आवाज ऐकू येतात का?’ असे विचारले असता तो रस्त्यावरील आवाजांविषयी ‘हो’ म्हणतो आणि त्याच्यावर चुकीचा शिक्का बसण्याची शक्यता असते. अवधानन्यूनता, बालपणीचे आघात, भाषाविकार आणि मुलींमध्ये आहारविषयक विकार यांचाही विचार करावा लागतो.

किशोराचा सहभाग : अठरा वर्षांखालील मुलाची कायदेशीर संमती पालक देत असले, तरी सतरा वर्षांच्या व्यक्तीस फसवून वा ‘डोकेदुखीसाठी दाखवू’ असे सांगून तपासणीस नेणे अनुचित असून ते निष्फळही ठरते. निरीक्षणाची पद्धतच त्याच्या सहकार्यावर उभी असते. मुलाशी स्वतंत्र संभाषण, तपासणीत काय होणार याची पूर्वकल्पना व अहवाल त्याच्याच भाषेत समजावून देणे, हे भाग आवश्यक मानतात. तपासणीस ठाम नकार देणाऱ्या मुलाच्या बाबतीत प्रथम नैराश्य, झोप वा परीक्षेची भीती अशा त्याला स्वतःला जाचणाऱ्या गोष्टीवर उपचार सुरू करणे श्रेयस्कर ठरते.

निदान व प्रमाणपत्र : ही दोन्ही एकच समजण्याची चूक सर्रास होते. निदान हे वैद्यकीय मत होय. प्रमाणपत्र हे अपंगत्वाच्या प्रमाणाविषयीचे शासकीय लेखपत्र होय. अपंग व्यक्तींविषयीच्या १९९५ च्या अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिला प्रथम स्थान दिले आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ (अंमल १९ एप्रिल २०१७ पासून) याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत ती अंतर्भूत झाली. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली ‘भारतीय स्वमग्नता मापनश्रेणी’ २०१६ मध्ये केंद्र शासनाने प्रमाणपत्रासाठी अधिसूचित केली. तीत सामाजिक संबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा व संप्रेषण, वर्तन, संवेदना आणि बोधन अशा सहा विभागांत चाळीस बाबी असून प्रत्येकीस १ ते ५ गुण देतात. एकूण गुण ७० च्या खाली असल्यास स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम व त्यापुढे तीव्र असा अर्थ लावतात. ७० गुणांशी ४० टक्के अपंगत्वाची सांगड घातली आहे. शब्दांची पुनरावृत्ती, सर्वनामांची उलटापालट, निरर्थक हालचाली यांसारख्या उघड लक्षणांवर श्रेणीचा भर असल्याने अस्खलित बोलणारा, मुखवटा धारण करणारा किशोर ७० च्या खाली राहू शकतो. अशा वेळी तज्ञांचे निदान हाती असूनही प्रमाणपत्र मिळत नाही. ही विसंगती या वयोगटाला विशेष जाचक आहे.

प्रमाणपत्रासाठीचा अर्ज केंद्र शासनाच्या ‘स्वावलंबन’ प्रणालीवर करतात व तपासणी राज्याने अधिसूचित केलेल्या शासकीय रुग्णालयातील मंडळापुढे होते. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असल्यास व्यक्ती ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ या वर्गात येते. तीस शासकीय व शासनसाहाय्यित उच्च शिक्षण संस्थांतील किमान ५ टक्के राखीव जागा व शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षण यांचा लाभ मिळू शकतो. नोकरीतील यांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांत मिळून विभागलेला आहे. लेखी परीक्षांविषयीच्या २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ देय ठरला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकाश कुमार प्रकरणात, लेखनिकाची सवलत केवळ ४० टक्क्यांच्या मर्यादेवर अडवून ठेवता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर लिहिण्यात अडचण असलेल्या, परंतु ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या परीक्षार्थींसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये वेगळ्या सूचना निघाल्या. बारावीच्या परीक्षेतील सवलतींसाठी शाळा वा महाविद्यालयामार्फत मंडळाकडे आगाऊ अर्ज करावा लागत असल्याने तपासणी परीक्षेच्या तोंडावर सुरू केल्यास निदान होऊनही सवलत हुकते. अकरावीचे वर्ष त्या दृष्टीने सोयीचे होय.

अठराव्या वर्षी बालरोगविभागाचे दार बंद होते व प्रौढांच्या मनोविकार विभागात विकासविषयक अनुभव क्वचितच आढळतो. ही फट केवळ भारतापुरती नाही. ब्रिटनमध्ये १९ वर्षांखालील व्यक्तींसाठी २०११ ची व प्रौढांसाठी २०१२ ची अशा दोन स्वतंत्र मार्गदर्शिका आहेत. निर्देशानंतर तीन महिन्यांत तपासणी सुरू व्हावी असा दंडक असूनही प्रतीक्षायाद्या त्याहून कितीतरी लांब आहेत. भारतात सज्ञान झाल्यावर पालकांचा निर्णयाधिकार आपोआप संपतो. राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली स्थानिक पातळीवरील समिती पालकत्व देऊ शकते. परंतु स्वतःचे निर्णय घेऊ शकणाऱ्या व्यक्तीस त्याची गरज नसते व केवळ निदान झाले म्हणून ते मागणे योग्य नव्हे.

निदानानंतर : स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर औषध नाही, सोबतची चिंता, नैराश्य, निद्रानाश वा अवधानन्यूनता यांवर मात्र परिणामकारक उपचार होतात. मूलपेशी उपचार, शरीरातील धातू काढून टाकणारी रसायने, टोकाचे आहारनियम यांची जाहिरातबाजी मोठी असली, तरी त्यांना शास्त्रीय आधार नाही व काहींपासून अपायही संभवतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले. उपयोग होतो तो परिस्थितीत केलेल्या बदलांचा. लेखी सूचना, परीक्षेसाठी शांत खोली, वेळापत्रकातील बदलाची आगाऊ कल्पना, गर्दीची वेळ टाळून प्रवास, प्रवास व पैसे हाताळण्याचे टप्प्याटप्प्याने शिक्षण आणि आवडीच्या विषयाला धरून अभ्यासक्रमाची निवड हे बदल अल्पखर्चाचे आहेत. काही किशोरांना निदानाने हायसे वाटते, काहींना राग येतो, काहींना दोन्ही. महाविद्यालयात वा मित्रांत ते सांगावयाचे की नाही हा निर्णय ज्याचा त्यानेच घ्यावयाचा असतो. कॅनरच्या अकरा मुलांपैकी पहिला, डोनल्ड ट्रिपलेट (१९३३–२०२३), मिसिसिपी राज्यातील आपल्या गावच्या बँकेत नोकरीस लागला, मोटार चालवावयास शिकला व एकट्याने अनेक देश हिंडला. त्याच्या गावाने त्याला आहे तसे सामावून घेतले होते.